आवड कोणाची, निवड कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासण्याचे कंटाळवाणे काम आटोपल्यावर आम्ही चार-पाच स्नेही डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत जमलो होतो. गप्पा महागाई भत्त्यावरून निघाल्या आणि, का कोण जाणे, बिअरवर येऊन स्थिरावल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे मत असे की, थंडगार, फिकट, किंचित कडवट बिअर हीच खरी. बाकी सारे सोंग. दुसऱ्यांना 'स्ट्राँग' लिहिलेल्या बाटलीखेरीज काही चालत नव्हते. पुण्यात शिकून आलेला एक तरुण मात्र या दोघांकडेही करुणेने पाहत होता. त्याच्या मते ज्याने ताजी 'एल' चाखली नाही, त्याने बिअरविषयी बोलूच नये. वाद रंगला आणि अखेर सर्वांनी मिळून नेहमीचा तोडगा काढला : व्यक्ती तितक्या प्रकृती, आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे.

वाडीची राखण करणारे एक वयस्क वारली गृहस्थ हे सारे ऐकत बसले होते. ते हसून म्हणाले, "गुरुजी, आमची ताडी सकाळी गोड लागते न् सांजेला आंबट. एकाच मडक्यात दोन्ही चवी. पण ती परवान्याबिगर काढली, तर केस होते."

या एका वाक्याने आमचा तोडगा पार कोसळला. आवड जर खाजगी असेल, तर एकाच्या आवडीला दुकानाची काचेची कपाटे आणि दुसऱ्याच्या आवडीला कोर्टाची पायरी, असे का? प्रस्तुत लेखक मद्यपानाचा पुरस्कर्ता नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. आपल्याकडे ताडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात! परंतु आवडी कशा घडतात, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि डहाणू-तलासरीइतकी त्याची चांगली प्रयोगशाळा क्वचितच सापडेल.

प्रथम बिअरकडेच पाहू. एल आणि लागर हा भेद मुळात किण्वाचा आणि तापमानाचा आहे. एलचे किण्व उबदार हवेत झपाट्याने काम करते आणि फळांसारखा गंध मागे ठेवते. लागरचे किण्व थंडीत संथपणे काम करते. नंतर ते पेय कित्येक आठवडे गारव्यात साठवावे लागते. 'लागर' या जर्मन शब्दातच साठवणीचा अर्थ आहे. १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन गावी सोनेरी रंगाची लागर तयार झाली आणि पुढे रेल्वे व शीतयंत्रे यांच्या साहाय्याने तिने जग जिंकले. त्यापूर्वी इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी गलबतांतून येत असे ती फिकट एल. 'इंडिया पेल एल' हे नाव तिला त्यावरूनच पडले. आज आपल्याकडे खपणारी बहुतेक सारी बिअर लागर आहे. ती भारतीय जिभेला उपजतच आवडते म्हणून नव्हे. मोठ्या कारखान्यात एकसारखी बनते, बाटलीत टिकते आणि दूरवर धाडता येते म्हणून. आपण तिला निवडले, असे म्हणण्यापेक्षा ती आपल्यापुढे ठेवली गेली, हे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आल्फ्रेड मार्शल यांनी एक साधी गोष्ट नोंदवून ठेवली आहे : मनुष्य चांगले संगीत जितके अधिक ऐकतो, तितकी त्याची गोडी वाढत जाते. म्हणजे आवड ही सवयीतून वाढते. १९७७ साली स्टिग्लर आणि बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी तर असे प्रतिपादन केले की, माणसामाणसांच्या वागण्यातील फरक 'आवड वेगळी' म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांमागे किंमत आणि उत्पन्न यांचे फरक शोधावेत. हा सिद्धान्त सर्वत्र लागू पडतो असे नाही. परंतु आमच्या दुसऱ्या स्नेह्यांच्या 'स्ट्राँग' बिअरला तो चपखल बसतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी फार मोठा हिस्सा स्ट्राँग बिअरचा आहे. जगात अन्यत्र असे सहसा आढळत नाही. मग भारतीयांच्या जिभेत काही विशेष आहे काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, सौम्य बिअरच्या बाटलीत मद्यार्काचे चार भाग आहेत आणि स्ट्राँगमध्ये आठ. करापूर्वी पहिलीची किंमत ५० रुपये, दुसरीची ६०. आता दोन्ही बाटल्यांवर सरसकट १०० रुपये कर बसवला, तर किमती १५० आणि १६० होतील. ज्याला नशेशी मतलब आहे, तो दहा रुपये अधिक देऊन दुप्पट मद्यार्क घेऊन जाईल. कर जसा वाढेल, तसा दोन्ही किमतींतील फरक नगण्य होत जाईल आणि ओढा कडक मालाकडे वळेल. राज्याराज्यांतील करांचे दर आणि रीती वेगवेगळ्या असल्या, तरी कर जेथे बाटलीवर बसतो, आतल्या मद्यार्कावर नव्हे, तेथे परिणाम याच दिशेने होतो. आमच्या स्नेह्यांना जी आपली 'आवड' वाटते, तीत कोष्टके मांडून बसलेल्या एखाद्या अवर सचिवाचाही वाटा आहे!

आता वाडीवरच्या गृहस्थांच्या मडक्याकडे वळू. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि शिंदीची ती शिंदी, हा भेद किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावा लागत नाही. पहाटे ताडावर चढून फुलोऱ्याच्या दांड्याचा पातळ काप घ्यायचा आणि थेंब थेंब ठिबकणाऱ्या रसाखाली मडके बांधायचे. मडक्याला आतून चुना लावला, तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसेल, तर हवेतील आणि मडक्यातील किण्व लगेच कामाला लागते. सकाळी गोड, दुपारी तिखट, सायंकाळी आंबट आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ शिरका, असा तिचा एका दिवसाचा जीवनक्रम असतो. तिच्यात मद्यार्क साधारणतः चार-पाच टक्के, म्हणजे सौम्य बिअरइतकाच. किण्वाच्या कुळाने पाहिले, तर ती पुण्याच्या तरुणाला प्रिय असलेल्या एलचीच चुलत बहीण. कायदा नीरा आणि ताडी यांच्यामध्ये ठळक रेघ ओढतो. निसर्गाच्या लेखी मात्र त्यांच्यात काही तासांचे अंतर असते.

वारली जीवनात या झाडाचे स्थान काय, हे पाहण्यासाठी चित्रांकडे पाहिले तरी पुरे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे कै. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रकला जगभर गेली. शहरी दिवाणखान्यांच्या भिंतींवर आज जी वारली चित्रे टांगलेली असतात, त्यांत ताडावर चढणारा माणूस हमखास आढळतो. चित्रातला तो माणूस आपल्याला सुंदर वाटतो. प्रत्यक्षातल्या माणसाजवळ मात्र परवाना विचारला जातो.

हे आजचे नव्हे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या प्रदेशातील मद्याचे अर्थशास्त्रच पालटून टाकले. त्यापूर्वी मोहाची दारू घरोघर किंवा गावच्या लहानशा भट्टीवर गाळली जाई. सरकारपुढे अडचण अशी होती की, हजारो चुली आणि लाखो झाडे मोजायची कशी? उत्तर सोपे होते : दारू गाळण्याचे काम मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणायचे, विक्रीचे मक्ते लिलावाने द्यायचे आणि ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसवायचा. भंडारी समाजाने या झाडकराविरुद्ध दीर्घकाळ गाऱ्हाणी मांडली. १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलातून वेचून आणलेली फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध घातले. जे फूल दुष्काळात पोटाला आधार देई, तेच घरात सापडले तर गुन्हा ठरू लागले.

परिणाम काय झाला? ताडी हे अल्प मद्यार्काचे, पण अवघड पेय. ते साठवता येत नाही, मोजता येत नाही, त्यावर शिक्का मारता येत नाही. गाळलेली दारू कडक; पण तिचे पिंप कुलपात ठेवता येते आणि त्यातून निघणारा प्रत्येक शेर वहीत लिहिता येतो. सरकारी तिजोरीला दुसरीच सोयीची होती. ताडी महाग करून आणि घरगुती गाळप गुन्हा ठरवून लोकांना मक्तेदाराच्या दुकानाकडे वळवण्यात आले. तेथे उधारी मिळे. उधारीपायी पीक जाई, पुढे जमीनही जाई. सौम्य पेयाकडून कडक पेयाकडे झालेला हा प्रवास 'आदिवासींची आवड' म्हणून खपवला गेला. वस्तुतः ती महसुलाची आवड होती.

स्वातंत्र्यानंतर पारडे दुसऱ्या टोकाला गेले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी आणि व्हिस्की यांना एकाच माळेत ओवले. साठीच्या दशकात महाराष्ट्रात बंदी सैल होऊ लागली. १९६८ मध्ये ताडीच्या दुकानांचे व झाडे छेदण्याचे नियम आले आणि १९७३ मध्ये देशी दारूचे. त्या देशी दारूतील मद्यार्क चाळीस टक्क्यांहून अधिक. कायद्याच्या नावात मात्र 'दारूबंदी' आजही कायम आहे आणि त्याच कायद्याखाली राज्याला मद्यापासून प्रचंड महसूलही मिळतो. विसंगतीलाही काही मर्यादा असावी!

तलासरीला आले की ही विसंगती नकाशावरच दिसू लागते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आच्छाडची हद्द ओलांडली की गुजरात लागतो. तेथे राज्याच्या स्थापनेपासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. तेथून काही कोसांवर एकीकडे दमण आणि दुसरीकडे सिल्वासा. तेथे मद्यावरील कर कमी आणि बाटली स्वस्त. अलीकडे महाराष्ट्र, येथे मद्य खुले, पण महाग. मधली माणसे एकाच बोलीत बोलतात आणि एकमेकांच्या घरी मुली देतात. १९६० पूर्वी पलीकडचे उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होते. तरीही एका बाजूला पिणारा गुन्हेगार, दुसऱ्या बाजूला तो गिऱ्हाईक आणि तिसऱ्या बाजूला पर्यटक ठरतो. जीभ तीच, रेषा बदलली की तिची आवड बदलते, आणि आवडीबरोबर तिची अब्रूही!

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. दारूने आदिवासी पाड्यांची जी दैना केली, ती डोळ्यांआड करून ताडीचे गुणगान करणे हा सुखवस्तू माणसाचा छंद नव्हे काय? या आक्षेपाला या मातीत मोठा आधार आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवीच्या संचाराची एक लाट उसळली. ती उत्तरेकडे सरकत गुजरातच्या आदिवासी भागात पोहोचली, तेव्हा अंगात आलेल्या देवीच्या मुखातून आज्ञा होऊ लागल्या : दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. हजारोंनी ते ऐकले. आजही महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रिया मतदानाने 'बाटली आडवी' करतात. नवऱ्याच्या मजुरीची वाट संध्याकाळी कोठे वळते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांना चवीचे तत्त्वज्ञान ऐकवण्याचे धाडस कोणीही करू नये.

परंतु देवीच्या त्या आज्ञांतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. दारू सोडा, एवढेच सांगून ती थांबली नाही. दारूच्या मक्तेदाराशी असलेला संबंध तोडा, असेही तिने बजावले. लोकांनी ओळखले होते की, प्रश्न पेल्याइतकाच पेला भरणाऱ्याचाही आहे. आणि दुसरे असे की, निर्णय त्यांनी स्वतः घेतला. तो कोणी त्यांच्यावर लादला नव्हता.

लादलेल्या निर्णयांची किंमत कोण देतो, हेही आपण पाहिले आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मरणारे मजूर होते. शहरात झाडे तोकडी आणि मागणी अफाट, म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून 'ताडी' विकण्याचे प्रकारही वारंवार उघडकीस आले आहेत. स्वच्छ व सौम्य पेय दुर्मिळ झाले की गरीब माणूस दूध पिऊ लागतो, हा भ्रम आहे. तो त्याहून स्वस्त आणि त्याहून घातक पेयाकडे जातो. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरील कर मोठ्या प्रमाणात वाढवले. धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड' मद्याचा नवा वर्गही निर्माण केला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, या नव्या मद्यासाठी १४८ आणि विदेशीसाठी २०५ अशी ठरवण्यात आली. बिअर व वाइन या वाढीतून वगळल्या गेल्या. चार-पाच टक्क्यांच्या ताडीचा या साऱ्या चर्चेत उल्लेखही नव्हता.

याउलट, द्राक्षांचे मद्य पाहा. २००१ च्या धोरणाने राज्याने वाइन उद्योगाला उत्पादन शुल्कात सवलत दिली. कारण ती शेतकऱ्याच्या मालाची 'प्रक्रिया' होती. जानेवारी २०२२ मध्ये तर मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. विरोधामुळे तो अमलात आला नाही, हा भाग निराळा. पुण्यात २००९ पासून लहान भट्ट्यांची ताजी बिअर मिळू लागली आणि तिच्या गंधावर इंग्रजी पुरवण्यांतून रसाळ लेख आले. खुद्द बोर्डीच्या परिसरात चिकूपासून फेसाळ वाइन बनते. उद्यमशीलतेचे उदाहरण म्हणून तिचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे सारे घडू शकते, तर ताडानेच काय घोडे मारले आहे? व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले होते की, वरच्या वर्गाचा उपभोग हा प्रतिष्ठेचे प्रदर्शन असतो. त्याचीच दुसरी बाजू अशी की, खालच्या वर्गाचा तोच उपभोग व्यसन ठरतो. द्राक्षाचा रस आंबला की 'संस्कृती', ताडाचा रस आंबला की 'समस्या'!

मग करावे काय? तीन गोष्टी सुचतात आणि त्यांत क्रांतिकारक असे काही नाही.

पहिली : कर बाटलीवर किंवा किमतीवर नव्हे, तर मद्यार्कावर असावा. जे अधिक कडक, ते त्याच प्रमाणात अधिक महाग. असे झाल्यास पिणारा सौम्य पेयाकडे वळण्याचा संभव वाढेल, आणि तोही कोणत्याही उपदेशाविना.

दुसरी : ताड ज्याचा, त्याला तो छेदण्याचा साधा, स्वस्त अधिकार असावा, आणि नीरा व ताडगूळ यांना खरी बाजारपेठ मिळावी. २०२० साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत २०० कारागिरांना नीरा व ताडगुळासाठी अवजारे दिली. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले वेचण्यावरचे व साठवण्यावरचे जुने निर्बंध उठवले. दिशा बरोबर आहे. पण अवजार देणे आणि खरेदीदार मिळवून देणे यांत फार अंतर असते. सूर्य वर येताच आंबणाऱ्या मालाला शीतपेट्या आणि पहाटेची गाडी लागते; केवळ उद्घाटनाची फीत पुरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा, त्यांचे नियमन करण्याचा अधिकार मानला आहे. म्हणजे प्रश्न 'बंदी की मोकळीक' असा नाहीच. तो 'ठरवणार कोण' असा आहे. एखादा पाडा म्हणेल, लग्नापुरती ताडी असू द्या, दुकान मात्र नको. दुसरा पाडा म्हणेल, काहीच नको. ज्या ग्रामसभेत स्त्रिया निर्भयपणे बोलतात, तेथला कोणताही निर्णय मंत्रालयातील निर्णयापेक्षा अधिक शहाणा असण्याचा संभव आहे. आणि तो चुकला, तर बदलणारी माणसेही तेथेच बसलेली असतील.

वर्गात उपभोक्त्याचा सिद्धान्त शिकवताना आम्ही फळ्यावर रेषा काढतो आणि म्हणतो, 'आवडी दिलेल्या आहेत असे धरून चालू.' हे वाक्य मी वीस वर्षे उच्चारत आलो. त्या दुपारनंतर ते तितक्या निर्धास्तपणे उच्चारता येत नाही. आवडी दिलेल्या असतात हे खरे. पण त्या कोणी दिल्या, केव्हा दिल्या आणि त्या मोबदल्यात काय घेतले, हेही विचारले पाहिजे.

वाडीतून निघताना त्या गृहस्थांना मी विचारले, "तुम्हाला स्वतःला कोणती आवडते, सकाळची की संध्याकाळची?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. सकाळची."